परवाना, कात्री आणि पडदा : युद्धोत्तर स्पेनच्या सिनेमाविषयी वाचकांचे प्रश्न

स्पेनमधील यादवी युद्ध 1 एप्रिल 1939 रोजी संपले आणि जनरल फ्रान्सिस्को फ्रँको यांची एकछत्री राजवट सुरू झाली. त्यानंतरच्या साधारण पंचवीस वर्षांतील स्पॅनिश चित्रपटांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : हुकूमशाहीतील सिनेमा म्हटला की सरकारी प्रचारपटच डोळ्यांसमोर येतात. फ्रँको राजवटीत चित्रपट सरकारच काढत होते का?

कथापटांच्या बाबतीत, एखादा ठळक अपवाद वगळता, नाही. चित्रपटनिर्मिती अखेरपर्यंत खासगी निर्मात्यांच्याच हातांत राहिली. ठळक अपवाद ‘रासा’चा, म्हणजे ‘वंश’ या 1942 च्या चित्रपटाचा. त्याची कथा खुद्द फ्रँको यांनी हाइमे दे आंद्रादे या टोपणनावाने लिहिली होती आणि दिग्दर्शन होसे लुइस साएन्स दे एरेदिया यांनी केले होते. नौदलात सेवा करणाऱ्या एका घराण्याची ही कथा आहे. फ्रँको यांचे वडील प्रत्यक्षात कुटुंब सोडून माद्रिदमध्ये वेगळा संसार थाटून राहिले होते; पडद्यावरच्या वडिलांना मात्र युद्धात वीरमरण येते. स्वतःच्या घराची दुरुस्ती राष्ट्राच्या खर्चाने करून घेण्याचा असा नमुना जगाच्या चित्रपट-इतिहासात क्वचितच सापडेल. पुढे हिटलर आणि मुसोलिनी यांचा पाडाव झाला, अमेरिकेशी जुळवून घेण्याची गरज भासू लागली, आणि 1950 मध्ये हाच चित्रपट नव्या नावाने पुन्हा प्रदर्शित करताना त्यातले हात उंचावून केलेले फॅसिस्ट अभिवादन कापले गेले, अमेरिकेला बोचतील असे संवाद बदलले गेले आणि कम्युनिस्टविरोधाला अधिक धार दिली गेली.

सरकारने आपल्याकडे राखून ठेवले ते वार्तापट. ‘नो-दो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी वार्तापटाचे पहिले प्रदर्शन जानेवारी 1943 मध्ये झाले. प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाबरोबर तो दाखवणे 1975 पर्यंत सक्तीचे होते आणि देशात बातम्यांचे चित्रीकरण करण्याचा मक्ता त्याच संस्थेकडे होता. राजवटीच्या बाजूने चित्रपट काढला म्हणजे निभावले, असेही नव्हते. कार्लोस आरेवालो यांचा ‘रोहो इ नेग्रो’ हा फालांखे या राजवटीच्या फॅसिस्ट पक्षाच्या विचारांचा चित्रपट 1942 मध्ये प्रदर्शित होऊन काही आठवड्यांतच पडद्यावरून उतरवला गेला. यादवी युद्ध ताजे असताना त्याची आठवण कोणी, कोणत्या बाजूने आणि किती काढावी, हे ठरवण्याचा अधिकार राजवटीला आपल्या भक्तांनाही द्यायचा नव्हता.

प्रश्न : स्पेनच्या प्रेक्षकांना हॉलिवूडचे चित्रपट अधिक आवडत होते, असे वाचनात आले. मग निर्माते स्पॅनिश चित्रपट काढत तरी कशासाठी होते?

या प्रश्नाने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. त्या काळाविषयी लिहिताना सगळे जण सेन्सॉरच्या कात्रीवर थांबतात. मला मात्र वाटते की त्या सिनेमाला कात्रीपेक्षा परवान्याने अधिक घडवले, आणि बिघडवलेही.

एप्रिल 1941 मध्ये सरकारने परदेशी चित्रपट कास्तिलियन स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवण्याची सक्ती केली. वरवर पाहता हे भाषाभिमानाचे पाऊल होते, परंतु त्याने स्पॅनिश चित्रपटांचे एकमेव नैसर्गिक संरक्षण काढून घेतले, कारण आता हॉलिवूडचे तारे स्पॅनिश नटांइतकेच अस्खलित स्पॅनिश बोलू लागले. या तोट्यावर उतारा म्हणून परदेशी चित्रपट आयात करण्याचे आणि डब करण्याचे परवाने स्पॅनिश चित्रपट काढणाऱ्यांना देण्याची पद्धत पडली. तयार झालेला चित्रपट सरकारी मंडळ पाहून त्याची श्रेणी ठरवी आणि त्या श्रेणीनुसार परवाने मिळत. उत्तम श्रेणी मिळाली तर एका चित्रपटामागे अनेक परवाने पदरात पडत. हे परवाने वितरकांना विकता येत आणि एखाद्या गाजलेल्या अमेरिकी चित्रपटाच्या परवान्याला चांगली किंमत येई. चित्रपट पाहायला कोणी फिरकले नाही तरी निर्माता फायद्यात राहू शकत होता. अशा व्यवस्थेत निर्मात्याचा खरा प्रेक्षक तिकीट काढून येणारा माणूस नव्हे, तर श्रेणी ठरवणाऱ्या मंडळाचे सदस्य हेच होते. त्यांना इतिहास, धर्म आणि राजघराणी आवडत, म्हणून पडद्यावर इतिहास, धर्म आणि राजघराणी आली.

वालेन्सियात 1932 मध्ये स्थापन झालेल्या सिफेसा या कंपनीने हे गणित सर्वांत चांगले सोडवले. 1948 चा ‘लोकुरा दे आमोर’, 1950 चा ‘आगुस्तिना दे आरागोन’ अशा भव्य ऐतिहासिक पटांतून दिग्दर्शक हुआन दे ओर्दुन्या आणि अभिनेत्री आउरोरा बाउतिस्ता यांची जोडी गाजली. पुठ्ठ्याचे किल्ले, दाढ्या लावलेले सरदार, दरबारात फेकले जाणारे लांबलचक संवाद आणि परकीयांच्या कारस्थानांना पुरून उरणारी राणी किंवा वीरांगना हा त्यांचा ठरलेला साचा होता. यातला ‘लोकुरा दे आमोर’ प्रेक्षकांनी खरोखरच डोक्यावर घेतला, हेही नमूद केले पाहिजे. सगळेच काही मंडळासाठी चालले नव्हते.

1944 पासून सर्वोच्च मान ‘राष्ट्रीय हिताचा चित्रपट’ या श्रेणीला होता. त्या श्रेणीवरून 1951 मध्ये जे प्रकरण घडले, त्यात सगळ्या व्यवस्थेचा स्वभाव दिसतो. चित्रपट विभागाचे महासंचालक म्हणून नुकतेच आलेले होसे मारिया गार्सिया एस्कुदेरो यांच्यापुढे दोन चित्रपट होते. एक होता ओर्दुन्या यांचा ‘आल्बा दे आमेरिका’. कोलंबसाची ही कथा सिफेसाने सरकारी आशीर्वादाने मोठ्या थाटात चित्रित केली होती. दुसरा होता होसे आंतोनिओ नीवेस कोंदे यांचा ‘सुर्कोस’, म्हणजे नांगराची तासे. त्यात खेड्यातून पोट भरायला माद्रिदला आलेले एक कुटुंब काळा बाजार, बेकारी आणि लाचारी यांच्या दलदलीत कसे रुतत जाते, हे दाखवले होते. दाटीवाटीच्या चाळवजा इमारती, जिन्यात भांडणारे शेजारी, रस्त्यावर लपूनछपून सिगारेट विकणाऱ्या बायका असे माद्रिद स्पॅनिश पडद्यावर तोवर कोणी आणले नव्हते. विशेष म्हणजे नीवेस कोंदे डावे नव्हते. ते फालांखे पक्षाचे होते आणि खेड्याची माती सोडणे हे पाप आहे, असेच त्यांना सांगायचे होते. गार्सिया एस्कुदेरो यांनी राष्ट्रीय हिताची श्रेणी ‘सुर्कोस’ला दिली आणि कोलंबसाला नाकारली. थोड्याच महिन्यांत, 1952 मध्ये, त्यांना पद सोडावे लागले आणि त्यानंतर कोलंबसाला त्याचा मान मिळाला. प्रेक्षकांनी मात्र तो चित्रपट नाकारला आणि सिफेसाचा आर्थिक डोलारा कोसळू लागला. ‘सुर्कोस’लाही कात्री चुकली नाही. त्याच्या मूळ शेवटात गावी परतणाऱ्या कुटुंबाला शहराकडे निघालेले दुसरे कुटुंब भेटते आणि मुलगी गावाकडे जाणाऱ्या गाडीतून उडी मारते, असे होते. आज आपण पाहतो तो शेवट दफनभूमीतला आहे. मुलाला मूठमाती देणारा बाप परत जायचे ठरवतो आणि तिथेच पडदा पडतो.

1952 मध्ये परवान्यांऐवजी निर्मितीखर्चाचा काही हिस्सा थेट अनुदान म्हणून देण्याची पद्धत आली आणि सर्वोच्च श्रेणीला निम्म्या खर्चापर्यंत अनुदान मिळू लागले. त्याबरोबर निर्मात्यांच्या हिशेबवह्यांतला खर्च फुगू लागला, हे सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : डबिंग करताना परदेशी चित्रपटांतील संवाद खरोखरच बदलले जात होते का?

होय, आणि काही वेळा कथाही. ‘कासाब्लांका’चा नायक रिक यादवी युद्धात फ्रँको यांच्या विरोधात, स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला होता, हा मूळ संवादातील उल्लेख स्पॅनिश आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. जॉन फोर्ड यांच्या ‘मोगांबो’मध्ये विवाहित स्त्रीचे परपुरुषावर प्रेम बसते. स्पेनमध्ये विवाहबाह्य प्रेम चालण्यासारखे नव्हते, म्हणून पती-पत्नींना संवादांतून भाऊ-बहीण करण्यात आले. पडद्यावरची त्यांची जवळीक अर्थातच तशीच राहिली, आणि व्यभिचार टाळण्याच्या नादात सेन्सॉरने त्याहून भलतीच शंका प्रेक्षकांच्या मनात सोडून दिली. डबिंगची सक्ती 1946 च्या अखेरीस उठली, पण तोवर प्रेक्षकांच्या कानांना सवय जडली होती आणि ती गेली नाही.

प्रश्न : ‘बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल’ पाहिला. अमेरिकेची आणि स्पेनचीही इतकी उघड थट्टा सेन्सॉरच्या नजरेतून सुटली कशी?

सुटली नाही, ती गाण्यांच्या आडून गेली. 1953 च्या या चित्रपटाच्या निर्मात्यांना लोलिता सेविया या गायिकेला पडद्यावर आणायचे होते आणि त्यासाठी दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाच्या ढंगाची चार-दोन गाणी असलेला हलकाफुलका चित्रपट हवा होता. दिग्दर्शक लुइस गार्सिया बेर्लांगा आणि त्यांचे सहलेखक हुआन आंतोनिओ बार्देम हे दोघे माद्रिदमध्ये 1947 मध्ये सुरू झालेल्या सरकारी चित्रपटसंस्थेच्या पहिल्याच तुकडीचे विद्यार्थी होते. गाणी घालण्याच्या या अटीतूनच त्यांनी चित्रपटाचा मुख्य विनोद काढला.

कथा अशी की व्हियार देल रिओ या काल्पनिक खेड्यात वरिष्ठ अधिकारी येऊन बातमी देतो की युरोपला मदत वाटणारे अमेरिकी पाहुणे या रस्त्याने जाणार आहेत. गाव कास्तियाच्या रुक्ष पठारावरचे. तिथे ना फ्लामेंको ना बैलझुंजीचा झगमगाट. पण परदेशी माणसाला स्पेन म्हणजे आंदालुसिया एवढेच ठाऊक, म्हणून गायिकेचा व्यवस्थापक आणि कानाने अधू असलेले महापौर मिळून सगळे गाव आंदालुसियाचे करायचे ठरवतात. भिंतींवर चुना फासला जातो, खोट्या दर्शनी बाजू उभ्या राहतात, शेतकऱ्यांना रुंद काठाच्या टोप्या आणि बायकांना झालरींचे झगे दिले जातात. त्यानंतर चौकात टेबल मांडून प्रत्येक गावकऱ्याची मागणी लिहून घेतली जाते. माणशी एकच वस्तू मागायची, असा नियम आहे. रांगेतली माणसे आपली पाळी आल्यावर थबकतात, मन बदलतात, पुटपुटतात. आयुष्यभर काहीच न मिळालेल्या माणसाला अचानक एकच गोष्ट मागायला सांगितली की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. रात्री स्वप्ने पडतात. महापौर स्वप्नात अमेरिकी सिनेमातल्या खानावळीतला शेरीफ होतो, पाद्री अमेरिकी न्यायासनापुढे आरोपी म्हणून उभा राहतो आणि एका शेतकऱ्याच्या शेतात आकाशातून ट्रॅक्टर उतरतो. अखेर पाहुण्यांच्या मोटारी येतात आणि धुरळा उडवत, न थांबता निघून जातात. सजावटीचा खर्च भागवण्यासाठी गावकरी घरातले सामान आणून देतात. जुन्या घराण्याचा दरिद्री सरदार आपली तलवार देऊन टाकतो.

सेन्सॉरला यात हसू आले, कारण थट्टा अमेरिकेची होती. युद्धोत्तर युरोपला मदत देणाऱ्या अमेरिकेच्या मार्शल योजनेतून स्पेनला वगळले गेले होते आणि त्याचा सल राजवटीला होताच. फ्रान्समधील कान शहरातल्या चित्रपट महोत्सवात परीक्षक मंडळावर असलेले अमेरिकी अभिनेते एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी ओहोळातून वाहत जाणाऱ्या अमेरिकी झेंड्याच्या दृश्यावर आक्षेप घेतला, तरी विनोदी चित्रपटाचे पारितोषिक या चित्रपटालाच मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पेनने अमेरिकेशी लष्करी तळांचा करार केला. राजवट स्वतः परदेशी पाहुण्यांसाठी जी रंगरंगोटी करत होती, तीच चित्रपटात दिसत होती, हे मात्र श्रेणी ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे, किंवा आले असले तरी ते बोलून दाखवणे अडचणीचे होते.

प्रश्न : सालामांकाच्या परिषदेत बार्देम यांनी संपूर्ण स्पॅनिश सिनेमा निकालात काढला. तो निवाडा योग्य होता का?

मे 1955 मध्ये सालामांका विद्यापीठाच्या फिल्म क्लबने, बासिलिओ मार्तिन पातिनो यांच्या पुढाकाराने, ही परिषद भरवली. कॅथलिक, फालांखेवादी आणि कम्युनिस्ट अशी एरवी एकमेकांकडे पाठ फिरवणारी मंडळी तिथे एकत्र आली होती. समकालीन स्पॅनिश सिनेमा राजकीयदृष्ट्या निष्प्रभ, सामाजिकदृष्ट्या खोटा, बौद्धिकदृष्ट्या क्षुद्र, कलादृष्ट्या शून्य आणि उद्योग म्हणून खुरटलेला आहे, असे बार्देम यांनी तिथे सांगितले. परिषदेची एक महत्त्वाची मागणी ध्यानात घेण्याजोगी आहे : सेन्सॉर रद्द करा असे तिथे म्हटले गेले नाही, तर सेन्सॉरचे नियम लेखी द्या असे म्हटले गेले. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे कोठेही लिहिलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येक लेखक आपल्याच मनात एक सेन्सॉर बसवून लिहीत होता.

बार्देम यांचा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. लढाईत घोषणा द्यावी लागते, हे समजू शकते, पण घोषणेला इतिहास मानू नये. एडगर नेव्हिल यांनी 1944 मध्येच ‘ला तोर्रे दे लोस सिएते होरोबादोस’ या चित्रपटात माद्रिदच्या पोटात दडलेले कुबड्यांचे भुयारी शहर उभे केले होते. साबादेयचे हौशी चित्रकर्मी लोरेन्सो योबेत-ग्रासिया यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस ‘विदा एन सोम्ब्रास’ हा आपला एकमेव कथापट काढला. सिनेमाच्या वेडात जन्मलेल्या आणि युद्धात पत्नी गमावलेल्या माणसाची ती कथा आहे, आणि सिनेमाविषयीचा इतका हळवा चित्रपट त्या काळात इतरत्रही फारसा कोणी काढला नाही. अना मारिस्काल ‘रासा’ची नायिका होत्या, त्याच पुढे दिग्दर्शनात उतरल्या आणि 1953 च्या ‘सेगुन्दो लोपेस’मध्ये त्यांनी माद्रिदच्या रस्त्यांवर भटकणाऱ्या साध्या माणसांची गोष्ट सांगितली. यांपैकी कोणालाही शून्य म्हणता येणार नाही.

बार्देम स्वतः बोलून थांबले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याच वर्षी आलेल्या ‘मुएर्ते दे उन सिक्लिस्ता’मध्ये सुखवस्तू प्रेमी युगुलाच्या मोटारीखाली एक सायकलस्वार सापडतो आणि आपले गुपित फुटेल या भीतीने ते त्याला मरणाच्या दारात सोडून निघून जातात. कानमध्ये त्या चित्रपटाला समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी ‘काये मायोर’चे चित्रीकरण सुरू असतानाच बार्देम यांना अटक झाली, तेव्हा अमेरिकी अभिनेत्री बेट्सी ब्लेअर यांनी दुसऱ्या दिग्दर्शकाबरोबर काम करण्यास नकार दिला आणि ते सुटून आल्यावरच चित्रपट पूर्ण झाला.

प्रश्न : लेखी नियम पुढे आले का? आणि ‘विरिदियाना’ व ‘एल वेर्दुगो’ यांना परवानगी देऊन नंतर सरकार का संतापले?

लेखी नियम फेब्रुवारी 1963 मध्ये आले, आणि ते आणणारे गृहस्थ होते 1962 मध्ये पुन्हा त्याच पदावर बसवले गेलेले गार्सिया एस्कुदेरो. मात्र ‘विरिदियाना’चे प्रकरण त्याआधीचे आहे. देशाबाहेर राहणारे दिग्दर्शक लुइस बुन्युएल यांना मायदेशी बोलावून चित्रपट काढू देण्यात राजवटीला आपल्या उदारपणाची जाहिरात दिसत होती. पटकथेच्या मूळ शेवटात नायिका रात्री चुलतभावाचे दार ठोठावते आणि आत जाते, असे होते. सेन्सॉरने ते नाकारले, तेव्हा बुन्युएल यांनी चुलतभाऊ, त्याची मोलकरीण आणि नायिका असे तिघे जण पत्ते खेळायला बसतात असा शेवट लिहिला. तो मंजूर झाला आणि तो मूळ शेवटाहून अधिक चावट होता. 1961 मध्ये कानचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला विभागून मिळाले, चित्रपट विभागाचे महासंचालक मुन्योस फोन्तान यांनी मंचावर जाऊन ते स्वीकारले आणि लगेच व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने चित्रपटावर झोड उठवली. महासंचालकांची नोकरी गेली, चित्रपटावर स्पेनमध्ये बंदी आली आणि स्पॅनिश प्रेक्षकांना तो फ्रँको यांच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये पाहायला मिळाला.

बेर्लांगा यांच्या ‘एल वेर्दुगो’ला, म्हणजे ‘जल्लाद’ला, काळाने घेरले. राफाएल आस्कोना यांच्यासह लिहिलेल्या या चित्रपटात अंत्यविधीच्या दुकानातला एक साधा नोकर जल्लादाच्या मुलीशी लग्न करतो आणि सरकारी घर मिळावे म्हणून सासऱ्याची नोकरी स्वीकारतो. कोणाला मारावे लागणारच नाही, अशी त्याची समजूत घातलेली असते. अखेर एका कैद्याला देहदंड देण्यासाठी मायोर्का बेटावर जाण्याचा हुकूम येतो. शेवटाकडील प्रसंगात एक मोठे, पांढरे, रिकामे दालन दिसते. समोरून कैद्याला घेऊन जाणारी माणसे चालत जातात, आणि त्यांच्या मागे दुसरा घोळका हातपाय गाळलेल्या जल्लादाला बखोटीला धरून ओढत नेतो. एकाची टोपी खाली पडते. कॅमेरा दूर उभा आहे, संगीत नाही, कोणाचा चेहरा जवळून दाखवलेला नाही. 1963 मध्ये हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाला पोहोचला त्याच्या थोडेच आधी, एप्रिलमध्ये कम्युनिस्ट नेते हुलियान ग्रिमाउ यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या आणि ऑगस्टमध्ये दोन अराजकवाद्यांना गळा आवळण्याच्या यंत्राने मृत्युदंड देण्यात आला होता. रोममधील स्पॅनिश राजदूत आल्फ्रेदो सांचेस बेया यांनी संतप्त पत्र धाडले, पण चित्रपट मागे घेतला गेला नाही आणि समीक्षकांचे पारितोषिक घेऊन परतला. मायदेशी तो काही मिनिटे कापून दाखवण्यात आला.

प्रश्न : हा काळ समजून घ्यायचा असेल तर कोणत्या क्रमाने पाहावे?

मी ‘सुर्कोस’पासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्यात राजवटीच्याच माणसाने राजवटीच्या राजधानीविषयी दिलेली साक्ष आहे. त्यानंतर ‘बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल’ आणि ‘काये मायोर’ पाहावेत. ‘एल वेर्दुगो’ पाहण्यापूर्वी मार्को फेरेरी यांचा 1960 चा ‘एल कोचेसितो’ पाहिला तर आस्कोना यांच्या काळ्या विनोदाची जातकुळी कळेल. मित्रांसारखी मोटार बसवलेली चाकाची खुर्ची मिळावी म्हणून हट्टाला पेटलेला धडधाकट म्हातारा त्यात होसे इस्बेर्त यांनी साकारला आहे, आणि व्हियार देल रिओचे महापौर तसेच म्हातारा जल्लाद या भूमिकाही त्यांच्याच आहेत. शक्य झाल्यास फेर्नान्दो फेर्नान-गोमेस यांचा ‘एल मुंदो सिगे’ही शोधावा. 1963 मध्ये पूर्ण झालेल्या या चित्रपटावर सरसकट बंदी कधी आली नाही. 1965 मध्ये बिल्बाओत तो जेमतेम दाखवला गेला आणि 2015 पर्यंत त्याला रीतसर प्रदर्शन मिळाले नाही.